खराब कोलेस्टेरॉल: रिपोर्टवरची 'नॉर्मल' रेंज आणि तुमची स्वतःची रेंज

गोदातीर

नमस्कार मंडळी. नाशिकमधल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी तंत्रज्ञ म्हणून कैक वर्षं काम केलं, आता निवृत्त आहे. लॅब सुटली तरी रिपोर्ट सुटलेले नाहीत. इंदिरानगरच्या जॉगिंग ट्रॅकवर, लग्नाच्या पंगतीत, भिशीत कुणीतरी मोबाइलवर लिपिड प्रोफाइलचं (रक्तातल्या चरबीच्या तपासणीचं) पीडीएफ उघडतं आणि विचारतं, "ताई, यात ठळक अक्षरात काही नाही ना? मग ठीक आहे ना?"

या प्रश्नाची मला फार काळजी वाटते, म्हणून हा धागा.

लिपिड प्रोफाइलमध्ये आपण ज्याला खराब कोलेस्टेरॉल म्हणतो ते एलडीएल. कोलेस्टेरॉल स्वतः काही विष नाही. पेशींची आवरणं, काही संप्रेरकं, ड जीवनसत्त्व, पित्तरस, या सगळ्यांसाठी ते लागतं आणि बहुतेक आपलं शरीरच ते तयार करतं. पण ते रक्तात विरघळत नाही, म्हणून प्रथिनं आणि चरबीच्या बारीक कणांत भरून फिरवावं लागतं. एलडीएल हा असाच एक कण. गरजेपेक्षा जास्त कण वर्षानुवर्षं फिरत राहिले की ते धमनीच्या अस्तरातून आत शिरून तिथेच अडकतात.

नळात गाळ साचावा तसं हे होतं, असं बरेच जण समजतात. तसं ते नाही. साठा नळीच्या पोकळीत नाही, भिंतीच्या आत होतो. अडकलेल्या कणांवर रासायनिक बदल होतात, शरीराच्या संरक्षक पेशी ते गिळतात, गिळून फुगतात, तिथेच मरतात. भिंतीत चरबीचा मऊ गोळा तयार होतो आणि त्यावर एक पातळ पापुद्रा. एखाद्या दिवशी तो पापुद्रा फाटला की त्या जागी रक्ताची गुठळी होते आणि काही मिनिटांत धमनी बंद पडू शकते. ती हृदयाची असेल तर हार्ट अटॅक, मेंदूची असेल तर पक्षाघात. कित्येकदा फाटणारा गोळा आधी धमनी अर्धीसुद्धा बंद करत नव्हता. म्हणूनच कालपर्यंत पांडवलेणीच्या पायऱ्या चढणारा माणूस आज आयसीयूत असतो आणि घरचे म्हणतात, "यांना तर काहीच त्रास नव्हता."

त्रास नसतोच. एलडीएल वाढल्याचं बहुतेकांना काहीही जाणवत नाही. डोकं दुखत नाही, धाप लागत नाही, वजनावरूनही कळत नाही. आम्हा लॅबवाल्यांनासुद्धा नुसतं बघून कळत नाही. रक्त फिरवून सिरम वेगळं केलं की ट्रायग्लिसराइड (रक्तातली दुसरी एक चरबी) फार वाढलेल्याचं सिरम दुधाळ दिसतं. पण एलडीएल २५० असलेल्याचं सिरम एरवीसारखं स्वच्छ, पिवळसर पारदर्शक असू शकतं. मशीनने आकडा दिल्यावरच समजतं.

आता मुख्य मुद्दा. बऱ्याच रिपोर्टांवर एलडीएलपुढे १०० च्या आत उत्तम, १०० ते १२९ उत्तमाच्या जवळ, १३० ते १५९ काठावर, १६० च्या पुढे जास्त, असं छापलेलं असतं. ही वर्गवारी २००१ सालच्या अमेरिकन मार्गदर्शिकेतली. छापणाऱ्या मशीनला तुमची अँजिओप्लास्टी झाली आहे, तुम्हाला मधुमेह आहे की तुमचे वडील ४५ व्या वर्षी अटॅकने गेले, यातलं काहीच माहीत नसतं. कार्डिओलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाने २०२४ मध्ये आपल्या लोकांसाठी स्वतंत्र मार्गदर्शिका काढली. तिच्यात धोका कमी असणाऱ्यांसाठी एलडीएल १०० च्या खाली, मधुमेह किंवा उच्च रक्तदाब अशा जास्त धोक्याच्या लोकांसाठी ७० च्या खाली आणि अटॅक वा पक्षाघात होऊन गेलेल्यांसाठी ५५ च्या खाली हे लक्ष्य दिलं आहे. सगळे आकडे मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये.

म्हणजे अँजिओप्लास्टी झालेल्या काकांचं एलडीएल ११० आलं तर रिपोर्टवर ते 'उत्तमाच्या जवळ' दिसेल, ठळक अक्षरात येणार नाही, आणि प्रत्यक्षात ते त्यांच्या लक्ष्याच्या दुप्पट असेल. काका रिपोर्ट घडी घालून कपाटात ठेवतील.

तुमचे प्रश्न इथे लिहा. औषधांबद्दल मी बोलणार नाही, तो माझा अधिकार नाही. इथले डॉक्टर सभासद बोलतील अशी आशा.

---

अंबड_शिफ्ट

ताई, अगदी वेळेवर धागा काढलात. अंबड एमआयडीसीत आहे, वय ३८. कंपनीच्या वार्षिक तपासणीत एकूण कोलेस्टेरॉल २३२, एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल म्हणतात ते) ३६, ट्रायग्लिसराइड २१० आणि एलडीएल १५४ आलं. कंपनीच्या डॉक्टरांनी "तेलकट कमी करा" एवढंच सांगितलं. बीपी थोडं वरच्या बाजूला असतं. तंबाखू आहे, खोटं सांगत नाही. मी काळजी करायची का? आणि हे एलडीएल मशीन मोजतं की काढतं?

---

गोदातीर

@अंबड_शिफ्ट, बऱ्याच ठिकाणी ते गणिताने काढतात. १९७२ चं फ्रीडवाल्ड सूत्र आहे: एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा, आणि ट्रायग्लिसराइड भागिले ५ हेही वजा. तुमचं करून बघा, २३२ वजा ३६ वजा ४२, आलं १५४. ट्रायग्लिसराइड ४०० च्या पुढे गेलं की हे सूत्र लावत नाहीत, तेव्हा एलडीएल थेट मोजतात.

तुमच्या रिपोर्टमध्ये मी आणखी एक आकडा बघेन: एकूण वजा एचडीएल, म्हणजे १९६. याला नॉन-एचडीएल म्हणतात. त्याला वेगळा खर्च नाही, वजाबाकी स्वतः करता येते. बाकी डॉक्टर सांगतील.

---

फिजिशियन_नाशिकरोड

गोदातीर ताईंनी हाक मारली म्हणून लिहितो. इथे कुणालाही औषध लिहून देणार नाही, पण विचार कसा करायचा ते सांगतो.

@अंबड_शिफ्ट, हो, काळजी करा. घाबरू नका, पण पुढच्या तपासणीपर्यंत टाळूही नका. ३८ वय, तंबाखू, बीपी काठावर, एचडीएल कमी, ट्रायग्लिसराइड जास्त, हे आपल्याकडचं अगदी ओळखीचं चित्र आहे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब सर्वेक्षणात दोन तृतीयांश लोकांचं एचडीएल कमी आढळलं होतं. अशा माणसांत एलडीएलचे कण लहान आणि संख्येने जास्त असतात. प्रत्येक कणात कोलेस्टेरॉल कमी मावतं, त्यामुळे एलडीएलचा आकडा बेताचा दिसतो आणि धमनीत शिरणारे कण मात्र भरपूर असतात. नॉन-एचडीएलमध्ये हे सगळे धोकादायक कण धरले जातात. साधारणपणे ते एलडीएलच्या लक्ष्यापेक्षा ३० ने जास्त चालतं, म्हणजे कमी धोक्याच्या माणसाला १३० च्या खाली. तुमचं १९६ आहे.

वय लहान आहे हा दिलासा धरू नका. इंटरहार्ट नावाच्या ५२ देशांच्या अभ्यासात (२००४) दक्षिण आशियाई लोकांना पहिला अटॅक सरासरी ५३ व्या वर्षी आला, इतर देशांत ५९ च्या आसपास. आपली पाच-सहा वर्षं आधीच गेलेली आहेत.

आधी तंबाखू. मग बीपी नीट मोजून घ्या, साखर आणि थायरॉइड तपासा. तीन महिने आहार आणि चालणं मनापासून करा आणि पुन्हा तपासा. तेव्हाही आकडा असाच राहिला तर तुमच्या डॉक्टरांशी गोळीबद्दल मोकळेपणाने बोला.

---

काळा_मसाला

थायरॉइडचा काय संबंध? कुणी सांगेल का? मला हायपोथायरॉइड आहे आणि एलडीएल १७० आहे. मी तर तळलेलं जवळजवळ खातच नाही.

---

फिजिशियन_नाशिकरोड

थेट संबंध आहे. यकृताच्या पेशींवर एलडीएल ओढून घेणारे ग्राहक, म्हणजे रिसेप्टर, असतात. रक्तातलं एलडीएल मुख्यतः तिथूनच साफ होतं. ब्राउन आणि गोल्डस्टीन यांना या शोधासाठी १९८५ चं नोबेल मिळालं. थायरॉइड कमी पडलं की हे ग्राहक कमी होतात आणि एलडीएल रक्तात साचतं. टीएसएच (थायरॉइडच्या रक्ततपासणीतला आकडा) नीट आटोक्यात आल्यावर एलडीएल पुन्हा तपासा, काहींचं त्यानेच बरंच उतरतं. पाळी थांबल्यावरही बायकांचं एलडीएल वाढतं. तोवर उत्तम रिपोर्ट येणाऱ्या बाईला पन्नाशीत अचानक १६० दिसतं आणि ती स्वयंपाकाला दोष देत बसते.

---

सिन्नरची_सून

वाचतेय, फार उपयोगी. माझा प्रश्न घरचा आहे. आमच्याकडे शेंगदाण्याचं तेल, सासूबाईंना तूप हवं, मसाल्यात सुकं खोबरं असतंच. आता सासरे म्हणतात अंडं बंद करा. तेलाच्या डब्यावर 'कोलेस्टेरॉल फ्री' लिहिलेलं घ्यायचं का?

---

गोदातीर

सूनबाई, कोणत्याही वनस्पतीच्या तेलात कोलेस्टेरॉल नसतंच म्हणावं इतकं कमी असतं. त्या चार शब्दांसाठी जास्त पैसे देऊ नका. बघायचं ते संतृप्त चरबी (सॅच्युरेटेड फॅट) किती आहे. खोबरेल तेलात ती ८५ टक्क्यांच्या पुढे असते, तुपात ६० च्या वर, पामतेलात जवळपास निम्मी, शेंगदाणा तेलात १७ ते २०, करडईत १० च्या आत. संतृप्त चरबी जास्त खाल्ली की डॉक्टरांनी वर सांगितलेले यकृतावरचे ग्राहक कमी होतात, म्हणून एलडीएल वाढतं. खाल्लेल्या कोलेस्टेरॉलचा परिणाम बहुतेकांमध्ये त्यापेक्षा कमी असतो. अमेरिकेच्या २०१५ च्या आहार मार्गदर्शिकेतूनही रोजच्या ३०० मिलिग्रॅमची जुनी मर्यादा काढून टाकली गेली.

म्हणून शेंगदाणा तेल ठेवा, फक्त महिन्याचं तेल माणशी किती लागतं ते एकदा मोजा. सासूबाईंच्या वरणभातावरचं चमचाभर तूप आणि परतायला, शिऱ्याला, पुरणपोळीला लागणारं वाटीभर तूप यांचा हिशोब वेगळा आहे. मधुमेह नसेल तर दिवसाला एक अंडं बहुतेकांना चालतं. मधुमेह असेल किंवा एलडीएल फार वर असेल तर डॉक्टरांना विचारा.

वनस्पती तूप मात्र घरात नको. भारतात १ जानेवारी २०२२ पासून तेल आणि वनस्पती तुपात ट्रान्स फॅट (तेल घट्ट करताना तयार होणारी, एलडीएल वाढवणारी चरबी) २ टक्क्यांच्या आत ठेवण्याचा नियम झाला, हे चांगलंच झालं. पण एकाच कढईतलं तेल दिवसभर तापत राहिलं तर त्यातही ट्रान्स फॅट थोडं वाढतं. नाक्यावरचे वडे काळ्या पडलेल्या तेलात निघत असतील तर सोडून द्या.

---

पंचवटीकर

मग मिसळ? नाशिकमध्ये राहून रविवारची मिसळ सोडायची का, एवढं स्पष्ट सांगा.

---

गोदातीर

सोडायची नाही. मलाही आवडते आणि मी खाते. मिसळीतली मोडाची मटकी ही एलडीएलच्या दृष्टीने उत्तम वस्तू आहे. कडधान्यांतला विरघळणारा तंतू आतड्यात पित्ताम्लांना धरून बाहेर नेतो. मग नवं पित्त करायला यकृत रक्तातलं कोलेस्टेरॉल उचलतं. अडचण वरच्या फरसाण-शेवेची, कारण ते बऱ्याचदा पामतेलात तळलेलं असतं. दुसरी अडचण तर्रीची, आणि तिसरी "अजून एक पावाची जोडी द्या" याची. मटकी जास्त, फरसाण मूठभर, तर्री वरून मागायची नाही, सोबत कांदा, आणि हे रविवारी. रोज कंपनीत जाताना शेवभाजी नाहीतर पोहे-शेव खाऊन वर रविवारी मिसळ, असं असेल तर दोष एकट्या मिसळीला देऊ नका.

घरी मूग, मटकी, हरभरा, जव, ओट्स, इसबगोल, भेंडी, पेरू यांची सवय लावा. इसबगोल नियमित घेतलं तर एलडीएल काही टक्के उतरतं, पण भरपूर पाण्यासोबत घ्यायचं आणि बाकी गोळ्यांपासून दोन तास लांब.

---

जुना_सातपूरकर

सगळं वाचलं. वेगळं मत मांडतो, राग मानू नये. माझे आजोबा दूध-तूप खाऊन ९१ वर्षं जगले. कोलेस्टेरॉलची भीती औषध कंपन्यांनी घातली आहे असं मला प्रामाणिकपणे वाटतं. आधी २०० चालायचं, मग १०० झालं, आता म्हणे ५५. उद्या शून्य सांगतील.

---

फिजिशियन_नाशिकरोड

काका, शंका रास्त आहे आणि तिला नीट उत्तर द्यायला हवं.

कंपन्यांचा हात कुठेच नाही असा पुरावा बघू. काही माणसांच्या पीसीएसके-९ नावाच्या जनुकात जन्मतःच बिघाड असतो आणि त्यामुळे त्यांचं एलडीएल आयुष्यभर कमी राहतं. त्यांनी एकही गोळी घेतलेली नसते. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात असा बदल असलेल्या कृष्णवर्णीय लोकांचं एलडीएल सरासरी २८ टक्के कमी होतं आणि त्यांना हृदयधमन्यांचा आजार ८८ टक्क्यांनी कमी झाला. उलट्या बाजूला, ज्यांना जन्मापासूनच एलडीएल फार जास्त असतं त्यांना तिशी-चाळिशीत अटॅक येतात, मग ते कितीही शिस्तीने राहोत. एलडीएल किती आणि किती वर्षं, या दोन्हींचा एकत्र परिणाम धमनीवर होतो.

लक्ष्य खाली का आलं? अटॅक येऊन गेलेल्या लोकांत एलडीएल आणखी उतरवलं तर आणखी फायदा होतो, हे एकामागोमाग चाचण्यांत दिसलं म्हणून. स्टॅटिन म्हणजे एलडीएल उतरवणाऱ्या गोळ्या, त्यांच्या चाचण्यांची एकत्र आकडेमोड केली तर एलडीएल साधारण ३९ ने उतरलं की अटॅक-पक्षाघातासारख्या मोठ्या घटना सुमारे २२ टक्क्यांनी कमी होतात. आणि ५५ हे लक्ष्य सगळ्यांसाठी नाहीच, ज्यांच्या धमनीत आजार सिद्ध झाला आहे त्यांच्यासाठी आहे. नवजात बाळाचं एलडीएल ३० ते ४० असतं, त्यामुळे हा आकडा शरीराला परका नाही.

तुमच्या आजोबांबद्दल आदरच आहे. ते दिवसाला किती चालत, बैठं काम किती करत, साखर-मैदा किती खात, तंबाखू होती का, हे सगळं त्या ९१ मध्ये आलं. आणि त्याच पिढीतले जे पन्नाशीत "छातीत कळ आली आणि गेले", त्यांच्या गोष्टी घरात कमी सांगितल्या जातात.

---

जुना_सातपूरकर

जनुकाचं माहीत नव्हतं. आजोबांचे धाकटे भाऊ खरंच पन्नाशीत तसेच गेले होते, आज आठवलं. सध्या एवढंच म्हणतो की तपासून घेतो.

---

अनघा_कॉलेजरोड

डॉक्टर, कृपया माझ्या वडिलांबद्दल सांगा. त्यांची अँजिओप्लास्टी झाली आहे. आताच्या रिपोर्टमध्ये एलडीएल ४८ आलं. ते म्हणतात, "आता नॉर्मल झालं, गोळी बंद. इतकं कमी झालं तर मेंदूला त्रास होईल." शेजारच्यांनी सांगितलं की या गोळीने यकृत जातं आणि स्नायू झिजतात. ते ऐकतच नाहीत आणि घरात रोज वाद होतो.

---

फिजिशियन_नाशिकरोड

अनघा, त्यांना आजच हे वाचून दाखव.

४८ हे गोळीमुळे आहे. गोळी थांबली की काही आठवड्यांत आकडा मूळ जागी परत जातो. स्टेंट एका जागी बसवला आहे, बाकी धमन्या त्याच आहेत. ज्यांची अँजिओप्लास्टी किंवा बायपास झाली आहे त्यांनी स्वतःच्या मनाने स्टॅटिन थांबवणं ही मला सगळ्यात जास्त चिंता वाटणारी गोष्ट आहे.

मेंदू स्वतःचं कोलेस्टेरॉल स्वतः तयार करतो, रक्तातल्या एलडीएलवर तो अवलंबून नाही. यकृताचं गंभीर नुकसान अत्यंत विरळ आहे. एन्झाइम कधी थोडे वाढतात, त्यासाठी तपासणी करतात. स्नायूदुखी काहींना खरंच होते आणि ती ऐकून घ्यायलाच हवी. पण २०२० च्या सॅमसन चाचणीत, दुष्परिणामांमुळे आधी गोळी सोडलेल्यांना कधी स्टॅटिन, कधी बिनऔषधाची गोळी, कधी काहीच नाही, असं आळीपाळीने दिलं. स्टॅटिनवर जाणवलेल्या त्रासापैकी ९० टक्के त्रास बिनऔषधाच्या गोळीवरही जाणवला. दुखणं त्यांना खरंच जाणवत होतं, पण त्याचं कारण बहुतेक वेळा औषध नव्हतं. साखर मात्र काहींची थोडी वाढू शकते, विशेषतः आधीच काठावर असलेल्यांची. अटॅक टळण्याचा फायदा त्यापेक्षा मोठा असतो.

त्यांना खरोखर त्रास होत असेल तर कार्डिओलॉजिस्टकडे जा. मात्रा बदलता येते, दुसरी स्टॅटिन देता येते, इझेटिमाइबची जोड देता येते, त्याने एलडीएल १५ ते २० टक्के उतरतं. सहा महिन्यांनी एकदा घ्यायचं इंजेक्शनसुद्धा आता आहे, पण ते महाग आहे. खर्चाचा प्रश्न असेल तर ॲटोर्वास्टॅटिन आणि रोसुवास्टॅटिन जनऔषधी केंद्रात स्वस्त मिळतात. यातलं काहीही करा, पण डॉक्टरांना न विचारता गोळी बंद करू नका.

---

दिंडोरीकर

रामराम. द्राक्षबाग आहे, त्यामुळे काळजीचं विचारतो. माझी ॲटोर्वास्टॅटिन चालू आहे. व्हॉट्सॲपवर आलंय की या गोळीसोबत द्राक्षं खाल्ली तर विषबाधा होते. सीझनमध्ये आम्ही बागेतच असतो, दिवसभर मणी तोंडात जातात.

दुसरं, आलं-लसूण-लिंबाचा रस आणि मध उकळून घेतला तर ब्लॉकेज निघतात का? गावात बरेच जण घेतात.

---

फिजिशियन_नाशिकरोड

दादा, द्राक्षं निश्चिंत खा. तो इशारा ग्रेपफ्रूट नावाच्या लिंबूवर्गीय फळाबद्दल आहे. त्याचा रस भरपूर प्यायला तर सिम्वास्टॅटिन, ॲटोर्वास्टॅटिन अशा काही गोळ्यांचं रक्तातलं प्रमाण वाढतं. पपनस त्याच कुळातलं आहे, तेवढं टाळा. मधुमेह असेल तर द्राक्षांच्या साखरेचा हिशोब ठेवा, तो वेगळा विषय.

काढ्याने ब्लॉकेज निघत नाही. लसणाने एलडीएल फार तर थोडंसं उतरतं. लसूण जेवणात भरपूर घाला, पण काढा सुरू करून गोळी बंद करणारे रुग्ण काही महिन्यांनी परत येतात तेव्हा फार वाईट वाटतं. एलडीएल औषधांनी खूप खाली आणून ठेवलं तर काहींच्या धमनीतला साठा थोडा आक्रसतो, पापुद्रा जाड होतो आणि फाटण्याचा धोका कमी होतो. आज हाती आहे तो उपाय हाच.

---

पंचवटीकर

मिसळीनंतर आता गंभीर प्रश्न. वडील ६८ वर्षांचे, रोज सकाळी घरून रामकुंडावर चालत जातात. हल्ली अर्ध्या वाटेत उजवी पोटरी धरते, दोन मिनिटं थांबले की सुटते, पुन्हा चाललं की पुन्हा धरते. आम्ही वय म्हणून तेल चोळतोय. याचा इथे संबंध आहे का?

---

फिजिशियन_नाशिकरोड

बरं झालं लिहिलंत. चालताना ठराविक अंतरावर पोटरी धरणं आणि थांबल्यावर सुटणं हे पायाच्या धमनीत अडथळा असल्याचं लक्षण असू शकतं. या आठवड्यातच दाखवा. पायाच्या नाड्या बघतील, घोटा आणि दंड यांच्या रक्तदाबाची तुलना करतील, सोबत साखर आणि लिपिड करतील. पायात आजार निघाला तर हृदय आणि मेंदूच्या धमन्यांनाही धोका आहे असंच धरतात. विडी-सिगारेट असेल तर आजच बंद. पुरुषांमध्ये लैंगिक ताठरतेची तक्रारही कधीकधी हृदयाच्या तक्रारीच्या काही वर्षं आधी येते, ती संकोचाने लपवली जाते. डॉक्टरांना सांगायला हवी.

---

मखमलाबादची_मी

माझ्या मोठ्या बहिणीचं वय ३४, बारीक अंगकाठी, योगासनं शिकवते. एलडीएल २४८! डॉक्टरांनी तिच्या टाचेमागची शीर चाचपून ती जाड आहे म्हणाले आणि सगळ्या घराची तपासणी करा म्हणाले. आमचे बाबा ४७ व्या वर्षी झोपेत गेले. घाबरून गेले आहे.

---

फिजिशियन_नाशिकरोड

ताई, तुमच्या बहिणीचे डॉक्टर चांगले आहेत. प्रौढ माणसाचं एलडीएल १९० च्या वर, टाचेमागची स्नायुबंधनी जाड, वडील तरुणपणी अचानक गेलेले, यावरून आनुवंशिक उच्च कोलेस्टेरॉलचा विचार करावाच लागतो. साधारण २५० ते ३०० माणसांत एकाला हे असतं, म्हणजे दुर्मिळ मुळीच नाही, पण निदान फार थोड्यांचं होतं. आईवडिलांपैकी एकाला असेल तर प्रत्येक अपत्याला ते असण्याची शक्यता निम्मी. म्हणून तुम्ही, भावंडं आणि बहिणीची मुलं, सगळ्यांची तपासणी करा. मुलांची तपासणी बालरोगतज्ज्ञांच्या सल्ल्याने.

इथे आहार-योगासनं पुरत नाहीत, औषध लागतंच. यात तुमच्या बहिणीचा काडीचाही दोष नाही. एक मात्र लक्षात ठेवा. गरोदरपणाचा विचार असेल तर ते आधीच डॉक्टरांना सांगायचं, तेव्हा स्टॅटिन सहसा थांबवतात. वेळेत उपचार सुरू झाले तर अशी माणसं इतरांसारखं लांब आयुष्य जगू शकतात.

---

मखमलाबादची_मी

खूप खूप आभार डॉक्टर. आम्ही तिघं भावंडं सोमवारी तपासणी करतोय. गोदातीर ताई, रात्रभर उपाशी राहायचं का? आणि लॅबमध्ये आणखी काही सांगायचं का?

---

गोदातीर

बाळा, पहिल्या तपासणीला उपास लागत नाही, २०२४ च्या मार्गदर्शिकेतही न-उपाशी नमुना चालतो असं आहे. फक्त ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर आलं तर उपाशीपोटी पुन्हा बोलावतात. सोबत साखरही करणार असाल तर मात्र उपाशी जा. कुणाला ताप किंवा मोठा संसर्ग होऊन गेला असेल तर काही आठवडे थांबा, आजारपणात एलडीएल खोटं खाली येतं. तिथे पोहोचल्यावर पाच-दहा मिनिटं बसून मगच रक्त द्या.

नाव नोंदवतानाच लायपोप्रोटीन-ए ही चाचणी वेगळी मागा. ती लिपिड प्रोफाइलमध्ये धरलेली नसते. हा एलडीएलसारखाच पण आनुवंशिक कण असतो, आहाराने फारसा बदलत नाही, म्हणून आयुष्यात एकदा मोजला की बहुतेकांना पुरतं. ५० मिलिग्रॅमच्या वर आला तर डॉक्टर बाकी सगळं अधिक कडकपणे आटोक्यात ठेवायला सांगतात. सगळ्या लॅबमध्ये ती त्याच दिवशी होत नाही, नमुना बाहेर पाठवतात, त्यामुळे आदल्या दिवशी फोन करून विचारा. बहिणीचा रिपोर्ट आणि बाबांचे काही जुने कागद घरात असतील तर तेही डॉक्टरांकडे घेऊन जा. आकडे आले की इथे लिही, मी बघतेय.

---

अंबड_शिफ्ट

तंबाखूची डबी आज लॉकरमधून काढून टाकली. थायरॉइड, साखर आणि बीपीसाठी शनिवारी जातोय. तीन महिन्यांनी आकडे याच धाग्यावर टाकेन.